उसण नव्हती, ताई

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. मधे कित्येक महिने मला वाकताच येत नव्हतं. आता गुडघ्यापर्यंत येतं, तेव्हा हा नमस्कार तेवढाच समजून घे.)

तुझी तब्येत बरी असेल, शिलाईचं मशीन कुरकुर न करता चालत असेल, आणि भाची तिच्या शाळेतल्या पोरांना व पोरं तिला पुरून उरत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. पत्र लिहायला विशेष कारण नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. हे तू मान्य करणार नाहीस, आणि ते अमान्य करतानाही माझं वाक्य मधेच तोडशील. पत्राला तसं तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई पुरतं वाचल्याशिवाय कागद फाडणार नाही, एवढा भरवसा आहे.

तर सांगायचं म्हणजे, गेल्या वर्षी मी तुला पाठीत उसण भरली म्हणून सांगितलं होतं, ती उसण नव्हती. मणक्यात गाठ होती. शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधलं तू बसून वाचशील: मी चालतो, फिरतो, कामाला बसतो, आणि माझ्या पाठीवर एकही टाका नाही. ऑपरेशन झालेलं नाही. औषधावर आहे. आता पाणी पी आणि पुढे वाच.

सुरुवात झाली ती कामाच्या टेबलाशीच. माझं काम तुला ठाऊक आहे. दिवसभर लोकांच्या कवळ्यांवर ओणवं व्हायचं, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चाकावर चकाकी आणायची. वीस वर्षं ओणवा बसणाऱ्याची पाठ दुखली तर त्यात नवल कसलं, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. आधी खुर्ची बदलली. नवी खुर्ची इतकी आरामशीर निघाली की तीत बसलं की टेबलापर्यंत हातच पोचेना, म्हणून तिच्यापुढे जुनी खुर्ची ठेवून तिच्यावर बसू लागलो. मग गादी बदलली. मग शेजारच्या व्यायामशाळेतल्या मास्तरांनी तेल लावून पाठ अशी काही रगडली की दोन दिवस मला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागत होता. (डॉक्टरांना हे पुढे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.) तुलाही तेव्हाच फोन केला होता. तू म्हणालीस, "उसण म्हणजे उसण. गरम पिशवी लाव आणि कामाला लाग." मी दोन्ही केलं. पाठ ऐकेना. आडवं पडलं की जास्त दुखायची, आणि हीच गोष्ट विचित्र होती, कारण उसण आडवं पडल्यावर तरी माणसाला सोडते.

मग एक दिवस मी दुकानात गेलो आणि परत आलो, तर हिने दारातच विचारलं, "डावी चप्पल कुठाय?" मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. कुठे गळून पडली, कधी पडली, काही पत्ता नाही. तळव्याला खडे टोचून बारीक रक्त आलं होतं, तेही कळलं नव्हतं. आम्ही दोघं आधी हसलो. हसू अर्ध्यातच थांबलं. ही खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याला चिमटा काढून विचारलं, "लागतंय?" मी हो म्हणालो. पण मी तिच्या हाताकडे बघत होतो म्हणून म्हणालो, हे तिला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे आधी साधा फोटो निघाला आणि मग एमआरआय. त्या नळीत शिरण्यापूर्वी अंगावरचं सगळं धातूचं काढून द्यावं लागतं. मी अंगठी दिली, घड्याळ दिलं, पट्टा दिला. तिथला तंत्रज्ञ कागद बघत म्हणाला, "कवळी वगैरे?" ताई, आता हे तुला पहिल्यांदाच सांगतो. माझे वरचे दोन दात खोटे आहेत. लग्नाच्या आदल्या वर्षी पडले, मी स्वतःच बनवून बसवले, आणि ते इतके बेमालूम उतरले की चौदा वर्षांत हिलासुद्धा संशय आला नाही. पण त्यांना धरणारी तार धातूची. मी मान खाली घालून ते काढले. तंत्रज्ञाने ते एका कागदी पेल्यात घालून बाहेर नेले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने "या पेशंटच्या बाई कोण?" असं विचारून हिच्या हातात दिले. पाऊण तास मी त्या खडखडाटात न हलता पडून होतो आणि मला मणक्याची काळजी एकदाही वाटली नाही. बाहेर आलो तर ही पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. म्हणाली, "काम चांगलं केलंय." एवढंच. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, पण त्या दोन दिवसांत तपासणीचा कागद आला, आणि मग रुसवा बाजूला ठेवावा लागला.

कागदावर लिहिलं होतं की पाठ संपून कंबर सुरू होते तिथला एक मणका आतून पोखरला गेलाय. मग सुईने तुकडा काढला, तो तपासला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. हे डॉक्टर साठीचे, हळू बोलणारे, बोटं पियानो वाजवणाऱ्यासारखी लांब. म्हणाले, ही राक्षसी पेशींची गाठ आहे. माझा चेहरा बघून लगेच म्हणाले, "राक्षसी म्हणजे आकाराने मोठ्या. गाठ राक्षस नव्हे. ही सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण जिथे असते तिथलं हाड खाते." मी विचारलं, "म्हणजे कीड?" ते म्हणाले, "तुमच्या धंद्याच्या भाषेत तसं म्हणा हवं तर." मग ऑपरेशन कसं होईल ते सांगायला त्यांनी टेबलावरचा पाठीच्या कण्याचा नमुना पुढे ओढला. पूर्ण मणका काढायचा, त्या जागी धातूचा पिंजरा बसवायचा, वर-खाली सळया आणि स्क्रू. आठ-दहा तास. रक्त बरंच जातं. शेजारून पायांच्या आणि लघवीच्या नसा जातात, त्या जपाव्या लागतात, आणि सगळ्या वेळी जपता येतातच असं नाही. हे सांगताना त्यांनी नमुना जरा उचलला आणि त्यातला एक मणका निखळून टेबलाखाली गेला. (तो नमुना मुळात वाईट ओतलेला होता, ताई. सांधे साचातच चुकले होते. मला राहवत नव्हतं.) डॉक्टर खाली वाकले, मग ओणवे झाले, मग मीही ओणवा व्हायला गेलो आणि मधेच अडकलो. शेवटी मणका हिला सापडला. माझा नव्हता, त्याच्या दोन खालचा होता. डॉक्टरांनी तो रुमालाने पुसून जागेवर बसवला, आणि आम्ही तिघंही पुन्हा खुर्च्यांवर बसून गंभीर झालो. खरं सांगतो, मला त्या क्षणापर्यंत भीती वाटली नव्हती. तो मणका हातात किती छोटा दिसत होता, ते बघून वाटली.

आता तुला का सांगितलं नाही, ते लिहितो. भाऊजी पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर मी तुझ्याशेजारी होतो. तासाभराचं काम म्हणाले होते. चार तासांनी दार उघडलं आणि डॉक्टरांनी आधी टोपी काढली. भाऊजींचा शर्ट तुझ्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. तो तू उलगडलास, बाह्या सरळ केल्यास आणि पुन्हा घडी घातलीस. ते मी पाहिलंय. तेव्हापासून तू दवाखान्याच्या रस्त्याने जात नाहीस, वळसा घालून बाजार करतेस, हेही मला माहीत आहे. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, शाळेची चड्डी शिवण्यापासून नोकरीचा अर्ज लिहिण्यापर्यंत. तुला फोन करून "दहा तासांचं ऑपरेशन आहे" असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो? (तोंडात तर दोन दात खोटे होते.) म्हणून उसण. नंतर प्रत्येक फोनवर ती उसण मी थोडी थोडी बरी करत आणली.

ऑपरेशनची तारीख मात्र पडली नाही, आणि ती पाडली नाही ती हाडांच्या डॉक्टरांनीच. त्यांनी आठ दिवसांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या शेजारी औषधांच्या डॉक्टर बसल्या होत्या. या बाई वयाने लहान, बोलणं सरळसोट. म्हणाल्या, हाड खाणाऱ्या पेशींना खाण्याचा हुकूम जिथून मिळतो, तो हुकूमच अडवणारं एक इंजेक्शन आहे. ते लागू पडलं तर खाणं थांबतं, आणि पोखरलेल्या जागेभोवती नवं हाड धरू लागतं. मग ऑपरेशन लहान करता येतं, किंवा पुढे ढकलता येतं, किंवा काही जणांना लागतच नाही. मी विचारलं, "म्हणजे गाठ बरी होते?" त्या म्हणाल्या, "झोपते. बरी होते असं मी म्हणणार नाही. औषध थांबवलं तर काही वेळा जागी होते." मला ते आवडलं. धंद्यात मीही गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही की कवळी दातासारखी होईल. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "एक अट. पायातली ताकद आज आहे तेवढी राहिली पाहिजे. ती कमी होऊ लागली तर मी वाट बघणार नाही, त्याच दिवशी कापीन." मान्य, म्हणालो. ही म्हणाली, "ताकद रोज कशी बघायची ते मला शिकवा." त्यांनी शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी मी पलंगाच्या काठावर बसतो, ही समोर स्टुलावर बसते, माझ्या तळव्याला आपला तळहात लावते आणि म्हणते, "ढकला." मी ढकलतो. मग ती चहा ठेवायला जाते. चहा लवकर आला तर पाय ठीक, उशिरा आला तर ती आत ओट्याशी उभी राहून विचार करतेय, असा माझा हिशेब झाला होता.

इंजेक्शन मात्र लगेच मिळालं नाही, आणि इथे माझी खरी फजिती झाली. हे औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडू शकतं. म्हणून आधी तोंड तपासून या, असं औषधांच्या डॉक्टर म्हणाल्या. ताई, जगाला दात घासायला सांगणारा मी. वीस वर्षांत स्वतः दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो नव्हतो. आणि गावात माझ्या माहितीचे दातांचे डॉक्टर म्हणजे एकच, ज्यांच्यासाठी मी कवळ्या बनवतो आणि ज्यांच्याशी सोळा वर्षं दातांच्या रंगावरून भांडतो. ते म्हणणार फार पिवळे, मी म्हणणार म्हाताऱ्याच्या तोंडात दुधाचे दात शोभत नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला? गेलो. त्यांनी दिवा तोंडात घातला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता सोळा वर्षांचं उट्टं निघणार. ते म्हणाले, "खालच्या दोन दाढा काढायला लागतील." मी आ वासलेलाच होतो. त्यांनी दाढा काढल्या, इतक्या हलक्या हाताने की मला लाज वाटली. आणि मग जखम भरेपर्यंत पाच आठवडे थांबायचं होतं.

ते पाच आठवडे मी कसे काढले ते लिहीत नाही. मणका पोखरला जातोय, औषध दवाखान्याच्या फ्रिजमध्ये आहे, आणि आपण हिरडी भरायची वाट बघतोय. मी दिवसातून दहादा आरशात जबडा बघायचो. दर दोन-तीन दिवसांनी दातांचे डॉक्टर माझ्या कामाच्या खोलीवर यायचे, हातात एखादी कवळी घेऊन. "ही बघा, रंग चुकलाय तुमचा." मी म्हणायचो, नाही चुकलेला. ते म्हणायचे, "बरं, तोंड उघडा जरा, आलोच आहे तर." खिशातून विजेरी काढायचे, हिरडी बघायचे, आणि कवळी घेऊन जायचे. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की कवळी दर वेळी तीच आहे, आणि ती तर चार वर्षांपूर्वीची, त्यांच्या कपाटात नमुना म्हणून ठेवलेली. त्या खेपेला रंग त्यांना कबूल करून टाकला.

मग इंजेक्शन. मी डोळे मिटून, मुठी आवळून नर्सबाईंना म्हणालो, "करा सुरू." त्या म्हणाल्या, "झालं, शर्ट खाली घ्या." पोटाच्या कातडीत, मुंगी चावावी एवढंच. दहा तासांच्या ऑपरेशनच्या बदल्यात एवढंसं काहीतरी, हे माझ्या मनाला पटेना. मी तिथेच बसून राहिलो, अजून काहीतरी बाकी असेल म्हणून. पहिल्या महिन्यात चारदा, मग दर चार आठवड्यांनी एकदा. शिवाय पाठीला कडक पट्टा, आणि कॅल्शियमच्या गोळ्या रोज न चुकता. या "न चुकता"वर मी चुकलो. दुसऱ्या महिन्यात बरं वाटू लागलं आणि गोळ्या राहू लागल्या. एका दुपारी मेणात दात बसवत होतो, तर ओठांभोवती मुंग्या आल्या आणि उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळून चोचीसारखी झाली. दात तसाच चिमट्यात. बोटं उघडेनात. हातातल्या चिमट्यासकट हिने मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा बोटं सुटली. औषधांच्या डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, "हे इंजेक्शन हाडांमधून रक्तात येणारं कॅल्शियम थांबवतं. गोळी हे औषधाचं अर्धं अंग आहे. अर्धंच घेणार असाल तर मला आजच सांगा." सुरी नाही म्हणजे औषध सोपं, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही, ताई. सुरीचं दुखणं डॉक्टर सांभाळतात, औषधाचं आपल्याला रोज स्वतः सांभाळावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात दुखणं गेलं. एका सकाळी जाग आली आणि कुशीवर वळलो, आणि वळल्यावर लक्षात आलं की वळलो. सहाव्या महिन्यात पुन्हा फोटो काढला. हाडांच्या डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. जुन्यात मणक्याच्या जागी काळी पोकळी, नव्यात तिच्याभोवती पांढरी कड, जाड, सलग. ते बोट फिरवत राहिले. म्हणाले, "हे मी केलेलं नाही. पण मला बघायला आवडतंय." मग म्हणाले की अजून काही महिने औषध, मग थांबवून बघायचं, आणि गाठ जागी झालीच तर ऑपरेशन आहेच, तेव्हा ते आधीइतकं अवघड नसेल. म्हणजे सुरी टळली असं मी लिहीत नाही. आज टळली आहे. आजपुरता मी समाधानी आहे. त्या दिवशी घरी आल्यावर ही स्टुलावर बसली, तळव्याला हात लावला आणि "ढकला" म्हणायच्या आधीच रडली. मी ढकललं नाही. पाय तसाच तिच्या हातात ठेवून बसलो.

असो. हे सगळं वाचून तू चिडशील. तुझा राग रास्त आहे. मी लपवायला नको होतं. माणूस ज्याला घाबरवायचं नाही म्हणून खोटं बोलतो, त्याला तो दुसरं काहीच करू देत नाही. तुला माझ्यासाठी काही करता आलं असतं, ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. याबद्दल माफी मागतो. भाचीला आशीर्वाद. हिचा नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. – पत्राला विशेष कारण नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. भाचीचा मला फोन आला होता. चार महिने तुझी पाठ दुखतेय, मशीनवर अर्धा तास बसवत नाही, डॉक्टरांनी फोटो काढायला सांगून दीड महिना झाला आणि तो कागद तू मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवला आहेस. तिला तू सांगितलंस की उसण भरलीय. तिच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं. तुझं माझ्यासारखंच आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ही गाठ घराण्यात चालत नाही. तुझी नुसती झीज असेल, स्नायू असेल, गोळीने भागेल, किंवा कापावंही लागेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. पण फोटो म्हणजे ऑपरेशन नव्हे. फोटो म्हणजे फोटो.

ता. क. २ – आज तीन वाजताची वेळ घेतली आहे, माझ्याच हाडांच्या डॉक्टरांकडे. तुला न विचारता घेतली. गाडी दातांच्या डॉक्टरांची आहे, ते खाली गाडीत बसले आहेत. वाटेत ते दातांच्या रंगाबद्दल तुझं मत विचारतील. काय सांगायचं ते सांग.

ता. क. ३ – पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलं असशील. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. भाचीला सकाळी मीच दिलं. मी बाहेर तुझ्या दाराशी पायरीवर बसलोय. घाई नाही, चष्मा लावून सावकाश वाच. वाचून झालं की कडी काढ.